रीजन्सी खुर्च्या आणि तेलाचा दिवा: रंगवून घेऊ की आहेत तशाच ठेवू?

होवकर
मंडळी, आधीच सांगते, लांबलचक लिहिणार आहे कारण आठवडाभर डोक्यात दुसरं काही नाही. आम्ही इंग्लंडमधे ब्रायटनला खेटून असलेल्या होवमधे राहतो. मागच्या महिन्यात इथल्या एका लहानशा लिलावात दोन खुर्च्या आणि एक दिवा घेतला. खुर्च्या काळ्या रंगवलेल्या, त्यावर बारीक सोनेरी रेघा, पाय तलवारीसारखे बाकदार, पाठीची आडवी पट्टी पीळ दिलेल्या दोरखंडासारखी कोरलेली आणि बैठक वेताची. एकीचा वेत मधोमध फाटलाय. जिथे जिथे माणसाचा हात जातो तिथला काळा रंग झिजून आतलं फिकट लाकूड दिसतंय. दिवा ब्राँझचा आहे, मधे कलशासारखी टाकी आणि दोन्ही बाजूंना एकेक हात, त्यावर कोणीतरी कधीतरी विजेचे होल्डर बसवलेत.

ज्यांना रीजन्सी काळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. राजा तिसरा जॉर्ज आजारपणामुळे कारभार बघू शकत नव्हता म्हणून १८११ ते १८२० त्याचा मुलगा रीजंट म्हणून, म्हणजे राजाच्या वतीने, राज्य चालवत होता, त्यावरून रीजन्सी. आपल्याकडे पेशवाई बुडाली ती याच वर्षांत, म्हणजे १८१७ च्या नोव्हेंबरात शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं तेव्हा इकडे ब्रायटनला याच रीजंटच्या रॉयल पॅव्हेलियन महालाचं काम जोरात चालू होतं. फर्निचरवाले मात्र साधारण १८०० ते १८३० मधलं सगळंच रीजन्सी म्हणतात.

आता प्रश्न. इथला एक दुकानदार म्हणतो की सगळा जुना रंग उतरवून चकाचक काळा स्प्रे मारून देतो, सोनेरी रेघाही नव्या ओढतो, दोन्ही मिळून फार पैसे होणार नाहीत. नवरा हो म्हणतोय. माझा हात काही पुढे होत नाहीये. शिवाय कॅटलॉगमधे एका ठिकाणी नुसतं "रीजन्सी" लिहिलं होतं आणि पावतीवर "रीजन्सी स्टाईल". याने काही फरक पडतो का?

चपडा_आणि_बोळा
होवकरताई, स्प्रेवाल्याला आत्ताच्या आत्ता नाही म्हणून कळवा, मग बाकीचं वाचा.

मी पुण्यात जुनं फर्निचर दुरुस्त करतो, पंचवीस वर्षं हेच करतोय. आधी पावतीचं सांगतो. लिलावाच्या भाषेत नुसतं रीजन्सी म्हणजे त्यांच्या मते वस्तू त्या काळातलीच आहे, आणि पुढे स्टाईल लागलं की नंतर कधीतरी त्या धाटणीत बनवलेली. एका शब्दाने किंमत कुठल्या कुठे जाते. त्यामुळे दोन कागदांवर दोन गोष्टी असतील तर त्यांना लेखी विचारा.

पण कागदापेक्षा खुर्ची खरं बोलते, फक्त ती उलटी करावी लागते. घोंगडी अंथरा, खुर्ची पालथी घाला, बॅटरी आडवी धरून मारा आणि पुढच्या गोष्टी बघून इथे लिहा. वेत कसा बसवलाय? चौकटीला एकेक भोक पाडून त्यातून हाताने विणलाय की चर पाडून त्यात तयार जाळी दाबून बसवलीय? चरातली तयार जाळी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची भानगड आहे. स्क्रू असतील तर एखादा हळूच काढून बघा, जुन्या हाताने कानशीने केलेल्या स्क्रूची खाच मधोमध नसते, आटे कमीजास्त असतात आणि टोक बोथट असतं. टोकदार स्क्रू १८४० च्या पुढचा. चौकटीच्या आतल्या बाजूला पटाशीने मारलेले रोमन आकडे किंवा ठोकलेली इनिशियल्स आहेत का? आणि काळ्या रंगाखाली लाकूड कोणतं दिसतंय?

होवकर
केलं! काल रात्री दोघांनी मिळून खुर्च्या पालथ्या घातल्या, नवराही आता यात पडलाय.

वेत भोकांतूनच विणलाय, चर कुठेच नाही. एकीच्या बैठकीच्या मागच्या पट्टीवर आतून पटाशीने III कोरलंय आणि दुसरीवर VII. दोन्हीवर तीच दोन अक्षरं ठोकलीयत. मूळ स्क्रू सापडला नाही, पण एका पायाला मागून लोखंडी पट्टी आहे तिचे स्क्रू टोकदार आहेत. लाकूड फिकट गुलाबीसर, त्यात बारीक बारीक तपकिरी ठिपके. आणि काही जुन्या किड्यांची भोकं आहेत, भुसा पडत नाहीये.

चपडा_आणि_बोळा
ठिपके म्हणालात तिथेच कळलं, बीच नावाच्या झाडाचं लाकूड. रंगवायच्या खुर्च्या बीचच्याच करायचे, स्वस्त, वळणदार कापायला सोपं आणि दुर्दैवाने किड्यांचं आवडतं. मग त्यावर काळा रंग द्यायचा म्हणजे आबनूस वाटेल, किंवा लालसर तपकिरीवर काळ्या शिरा काढायच्या म्हणजे रोझवूड. फसवणूक नव्हती ती, तीच फॅशन होती.

III आणि VII म्हणजे किमान सातांचा सेट होता, त्यातल्या या दोन तुमच्याकडे आल्या. जुळणी करताना कुठला भाग कुठल्या खुर्चीचा ते चुकू नये म्हणून कारागीर आकडे घालायचे आणि अक्षरं बहुतेक ज्याने खुर्ची जोडली त्याची. लोखंडी पट्टीचं कारणही सांगतो. बाकदार पाय अख्ख्या लाकडातून वळणात कापलेला असतो, त्यामुळे वळणापाशी लाकडाच्या रेषा आडव्या तुटतात आणि पाय नेमका तिथेच तडकतो. तडकलेला पाय कोणीतरी नंतर पट्टी मारून सांभाळला. चांगली, प्रामाणिक दुरुस्ती आहे, राहू द्या.

पाठीवरचा दोरखंड बघून या खुर्च्यांना ट्रफाल्गर खुर्ची म्हणतात. १८०५ ची ट्रफाल्गरची आरमारी लढाई इंग्रज दर्यासारंग नेल्सनने जिंकली तेव्हापासून जहाजाचे दोर, नांगर सगळं फर्निचरवर आलं. लंडनला कॅथरीन स्ट्रीटवर मॉर्गन अँड सँडर्स म्हणून फर्निचरवाले होते, त्यांनी तर आपल्या दुकानालाच ट्रफाल्गर हाऊस नाव दिलं.

कोपरगावची_सून
मला वेगळं वाटतं, राग मानू नका. खुर्ची बसायला असते. आमच्या घरी सासऱ्यांच्या वेळच्या खुर्च्या आम्ही दर दहा वर्षांनी रंगवून घेतो आणि रोज वापरतो, म्हणून तर त्या टिकल्या. नुसत्या जपून ठेवलेल्या वस्तू माळ्यावर जातात आणि मग भंगारात.

चपडा_आणि_बोळा
अहो राग कसला, तुमचं निम्मं बरोबरच आहे, वापरलेली खुर्ची टिकते. रंगाचं मात्र नाही, आणि का नाही ते माझ्याच हातून गेलेल्या टेबलावरून सांगतो.

दहा वर्षांपूर्वी एका घरातून निरोप आला, आजोबांचं गोल टेबल आहे, एका खांबावरचं, खाली तीन पंजे आणि पंजांना पितळी सिंहाची नखं आणि चाकं. मी सुट्टीवर होतो, म्हटलं पंधरा दिवसांनी येतो. त्यांना लग्नाआधी हवं होतं म्हणून दुसऱ्या एका ठेकेदाराला दिलं. मी गेलो तेव्हा टेबल बघून खाली बसलो. मशीनने घासलेलं होतं. वरचा शिसवी विनियर, म्हणजे वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, हाताने करवतीने कापलेला, एक-दीड मिलिमीटर जाड असतो, तरी कडेला तो घासून पार खालच्या लाकडापर्यंत पोचला होता. काठाला आडव्या रेषांची पट्टी होती ती एका बाजूला होती आणि एका बाजूला नव्हती. पितळी तार बसवलेली, ती चार ठिकाणी उपटून तिथे लांबी (पुट्टी) भरली होती. वरून मेलामाईन पॉलिशचा जाड थर. चमकत होतं खूप. मी टेपने मोजलं, एका दिशेने व्यास दुसऱ्या दिशेपेक्षा सेंटिमीटरभर कमी भरला. खऱ्या जुन्या गोल टेबलाची हीच खूण, लाकूड दोनशे वर्षांत रेषांच्या आडव्या दिशेने आक्रसतं आणि गोल थोडासा अंडाकृती होतो. म्हणजे अस्सल होतं ते. ती झीज, तो हातांचा तेलकटपणा, उन्हाने फिकटलेला रंग आता कुठल्याही दुकानात मिळणार नाही.

तर ताई, वापरा, रोज बसा. वेत नवा विणून घ्या कारण वेत हा झिजायचाच भाग आहे, त्या दोनशे वर्षांत तो अनेकदा बदलला असणार. सैल जोड सरसाने चिकटवा, आपला जुना जनावरांच्या हाडा-कातड्याचा सरस, जो कोमट पाण्याने पुन्हा सुटतो. पांढरा फेव्हिकॉल घातला तर पुढचा कारागीर जोड उघडू शकत नाही, लाकूडच फाटतं. रंगाला मऊ फडकं आणि थोडं मेण, बास.

लँकेस्टरची_माई
किती छान धागा! मी लँकेस्टरला राहते, तिथल्याच गिलोज या जुन्या फर्निचरवाल्यांचा माल प्रसिद्ध. जज्जेस लॉजिंग्ज म्युझियममधे बघायला मिळतं. त्यांचं वैशिष्ट्य म्हणजे ते मालावर शिक्का मारायचे, ड्रॉवर उघडलात की पुढच्या फळीच्या वरच्या कडेवर बारीक अक्षरांत नाव असतं. आणि त्यांनी रेखाटनं आणि हिशोबाच्या वह्या जपून ठेवल्या, त्या आता लंडनला वेस्टमिन्स्टरच्या दफ्तरात आहेत. कुठल्या गिऱ्हाइकाला काय करून दिलं, लाकूड कोणतं, सगळं. डेव्हनपोर्ट म्हणतात ते छोटं लिहायचं टेबलही तिथूनच आलं, त्यांच्या वहीत कॅप्टन डेव्हनपोर्टसाठी केल्याची नोंद आहे.

होवकर, एक सावधगिरी. रीजन्सीची फॅशन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा आली. टॉमस होप नावाचा श्रीमंत संग्राहक होता, ग्रीक आणि इजिप्शियन धाटणीचं फर्निचर स्वतः आखायचा, १८०७ मधे त्याने आपल्या घरातल्या डिझाईनचं पुस्तकही काढलं. त्याच्या डीपडीनच्या घरातल्या मालाचा १९१७ साली लिलाव झाला आणि त्यातून रीजन्सी जमवणाऱ्यांची एक लाटच आली. मग १९२०-३० मधे नकलाही खूप झाल्या. तुमच्याकडच्या खुणा चांगल्या वाटतात, पण सोनेरी रेघा भिंगाखाली बघा. खरा सोन्याचा वर्ख कधी काळवंडत नाही. सोनेरी पावडरचा रंग असेल तर तो हिरवट तपकिरी पडतो.

होवकर
माई, बघितलं. पाठीवरच्या रेघा बहुतेक ठिकाणी तपकिरी झाल्यात, पण दोरखंडाच्या पिळात, खोल खाचेत, जिथे फडकं पोचत नाही तिथे पिवळं धम्मक सोनं चमकतंय! म्हणजे आधी वर्ख आणि वरून कोणीतरी पावडर लावली असणार. स्प्रे मारला असता तर हे कायमचं झाकलं गेलं असतं.

पावतीचंही कळलं, त्यांनी लिहून दिलं की टंकताना चूक झाली, खुर्च्या त्याच काळातल्या म्हणून विकल्यात. आता दिव्याकडे वळूया का?

गॅसबत्ती
याची वाट बघत होतो. फोटोवरून सांगतो, तुमचा दिवा आर्गांड पद्धतीचा आहे. आर्गांड हा स्विस माणूस, त्याने १७८४ मधे इंग्लंडमधे पेटंट घेतलं. पुढे ते कोर्टात टिकलं नाही म्हणून मग सगळ्यांनीच असे दिवे बनवले.

त्यात विशेष काय ते समईशी तुलना केली की लगेच कळतं. समईची वात तेलातच बुडालेली, ज्योत लहान, हवा फक्त बाहेरून, म्हणून काजळी धरते आणि मधूनमधून वात सारावी लागते. आर्गांडने वात नळीसारखी पोकळ केली. हवा आतूनही जाते आणि बाहेरूनही, वर काचेची चिमणी, तिने हवा ओढली जाते. त्यामुळे तेल पूर्ण जळतं, धूर जवळजवळ नाही आणि एका दिव्याचा उजेड सहा ते दहा मेणबत्त्यांइतका. त्या काळात तर मेणबत्तीची जळलेली वातसुद्धा कात्रीने सारखी कापावी लागायची, आपोआप वाकून जळून जाणारी विणलेली वात १८२५ ची.

आता मधला कलश कशाला? तेल म्हणजे रेप नावाच्या बियांचं, मोहरीच्याच कुळातलं, घट्ट. ते वातीतून फार उंच चढत नाही. म्हणून टाकी बर्नरपेक्षा, म्हणजे वात जळते त्या भागापेक्षा, वर ठेवायची आणि तेल आपल्या वजनाने हातांच्या नळीतून खाली उतरायचं. कोंबड्यांच्या पाण्याच्या उलट्या बाटलीसारखं, पातळी खाली गेली की तेवढंच खाली येतं. खोट एकच, टाकीची सावली टेबलावर पडायची. १८२० च्या दशकात टाकीचं गोल कडं करून चिमणीभोवती बसवलं, त्याला सिनंब्रा म्हणतात, लॅटिनमधे बिनसावलीचा. पुढे १८५० नंतर रॉकेल आलं, ते पातळ, वातीतून सहज वर चढतं, मग हा सगळा खटाटोप संपला.

तुमचं काम आता एवढंच, वायर कुठून गेलीय ते बघा. तेलाच्याच नळीतून ओढली असेल तर दिवा वाचला, कधीही परत मूळ रूपात आणता येईल. बुडाला ड्रिलने भोक पाडलं असेल तर किंमत बरीच पडते. आणि कापडी आवरणाची जुनी वायर असेल तर एकदाही लावू नका, आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा, अर्थिंग हवंच.

होवकर
वायर नळीतूनच गेलीय! भोक नाही. पण वायर कापडी आहे, हाताला चुरा लागला, तेव्हा काढून ठेवली. कलशाच्या आत बोट फिरवलं तर तळाशी डिंकासारखा कडक तपकिरी थर आहे. ते तेलच असेल का?

गॅसबत्ती
तेच. रेपचं तेल उघडं राहिलं की वर्षानुवर्षं असंच राळेसारखं घट्ट होतं. खरवडू नका. आणि कृपा करून बाहेरून चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर काहीही लावू नका. आपला हात पितळ-ब्राँझ दिसलं की आधी चिंचेकडे जातो, पण या दिव्यांवर मुद्दाम दिलेला गडद ब्राँझचा रंग असतो, काही भागांवर सोन्याचा मुलामा, दोन्ही एका घासणीत निघून जातात. कोरडा मऊ ब्रश, एवढंच.

मांडवीकाठ
गोव्याहून लिहितोय. आमच्याकडे चांदरच्या ब्रागांझा घरात वगैरे झुंबरं बघायला मिळतात, त्यावरून विचारतो, ग्वाल्हेरच्या जयविलास महालातली शिंद्यांची झुंबरं याच काळातली का? हत्ती चढवून छत तपासलं म्हणतात ती.

गॅसबत्ती
नाही, जयविलास १८७४ चा, म्हणजे पन्नाससाठ वर्षं नंतरचा. रीजन्सी झुंबराची घडण वेगळी, वर तंबूसारख्या उतरत्या काचमण्यांच्या माळा आणि खाली पिशवीसारखा किंवा पाण्याच्या धारेसारखा घोस, आतला धातूचा सांगाडा जवळजवळ दिसतच नाही. तेव्हा काचेवर वजनानुसार कर होता, तो १८४५ ला गेला.

होवकरताईंच्या दारात तर सगळ्यात भन्नाट नमुना आहे. पॅव्हेलियनच्या मेजवानीच्या दालनात छतावरून एक चंदेरी ड्रॅगन पंजात झुंबर धरून लटकतो, साधारण टनभर वजन, उंची तीस फूट, आणि खाली सहा लहान ड्रॅगन तोंडातून काचेची कमळं धरून आहेत.

होवकर
रविवारी मुद्दाम गेले होते! ड्रॅगनखाली मान दुखेपर्यंत उभी राहिले. पण मला जास्त भावला तो जिना. बांबूचा वाटतो, हात लावायला गेलं तर थंडगार लोखंड. माझी बीचची खुर्ची आबनूस असल्याचं दाखवते तसंच तिथलं लोखंड बांबू असल्याचं दाखवतं. व्हिक्टोरिया राणीला ते घर नको होतं, तिने १८५० मधे गावाला विकलं, त्याआधी आतलं बरंच सामान काढून नेलं होतं. त्यातलं काही नंतर परत आलं.

लष्कर_रोड
एक उपप्रश्न. आमच्याकडे पणजोबांनी पुण्याच्या लष्कर भागातल्या लिलावातून घेतलेलं ड्रॉवरचं कपाट आहे. दोन भागांत सुटतं, पाय फिरकीचे, कोपऱ्यांना पितळ, कड्या लाकडात बुजवलेल्या. रीजन्सी असेल?

चपडा_आणि_बोळा
मोहिमेचं फर्निचर ते. फौजी अधिकारी मोहिमेवर नेता यावं म्हणून सुटं करून पेटाऱ्यात भरायचे. रीजन्सीत त्याची चलती होती, ते मॉर्गन अँड सँडर्सही असला घडीचा माल करायचे. पण शतकाच्या शेवटापर्यंत जवळपास तसंच बनत राहिलं, तेव्हा ड्रॉवरचे जोड आणि स्क्रू बघितल्याशिवाय काळ सांगणार नाही. वेगळा धागा काढा आणि फोटो टाका. आणि परदेशातल्या कोणा नातेवाइकाला द्यायचा विचार असेल तर आधी नियम बघा, शंभर वर्षांवरची पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही.

लँकेस्टरची_माई
इकडच्यांसाठीही एक. जुन्या चहाच्या पेट्या, शिवणाचे डबे यांना किल्लीच्या भोकाभोवती हस्तिदंत असतो. जून २०२२ पासून ब्रिटनमधे हस्तिदंताचा कायदा लागू आहे, १९४७ च्या आधीची आणि दहा टक्क्यांपेक्षा कमी हस्तिदंत असलेली वस्तूही नोंद केल्याशिवाय विकता येत नाही. हाड आहे की हस्तिदंत ते विचारल्याशिवाय बोली लावू नका.

कोपरगावची_सून
होवकर, दोरखंडातल्या सोन्याचं वाचलं आणि उठून आमच्या खुर्चीच्या पायाचा रंग एका कोपऱ्यात नखाने काढून बघितला. पाच थर निघाले आणि खाली शिसव. चपडा दादा, हे थर उतरवता येतील का, घासून नाही, दुसरं काही?

चपडा_आणि_बोळा
वहिनी, येतील, पण सावकाश. आधी खालच्या शिसवीवर मूळ पॉलिश शिल्लक आहे का बघावं लागेल. जुनं पॉलिश म्हणजे स्पिरिटमधे विरघळवलेला चपडा, आपल्याच देशातली लाख, इंग्लंडमधेही साधारण १८२० च्या सुमाराला हेच बोळ्याने चढवायला लागले. स्पिरिटमधे भिजवलेला कापूस अगदी एका टोकाला टेकवा. तो चिकट झाला तर पॉलिश आहे, मग तिथेच थांबा आणि मला फोटो पाठवा.

होवकर
शेवटचा अपडेट. वेत विणायला एक बाई सापडल्या, गावातच शिकवतात. फाटकी खुर्ची घेऊन गेले. त्यांनी जुना वेत कापला, भोकांत ठोकलेल्या लाकडी खुंट्या एकेक करून बाहेर ढकलल्या, तर तीन भोकांत त्या खुंटीखाली आणखी जुन्या, काळ्या पडलेल्या वेताचे तुकडे निघाले. त्यांनी ते एका पाकिटात घालून दिले, मी पाकिटावर VII लिहून ठेवलंय. वीण सहा टप्प्यांची असते, पहिले दोन टप्पे उभ्या-आडव्या ताणायचे, ते मला करू दिले. वेत ओला ठेवावा लागतो नाहीतर तुटतो, बोटं सोलवटून निघालीत. पुढच्या शनिवारी तिरप्या ओळी.